परतीचा पत्ता

भटक्या प्राण्यांविषयीचे आपले नियम बराच काळ फक्त कुत्र्यांकडे बघत होते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सगळ्यांना लागू आहे, पण २००१ मध्ये निर्बीजीकरणाचे नियम आले ते कुत्र्यांपुरते. कारण उघड आहे. कुत्रा चावतो, रेबीजची भीती असते, लगेच नगरसेवकाला फोन जातो. मांजराची तक्रार असते ती रात्रीच्या रडण्याची, गाडीच्या बॉनेटवरच्या ठशांची, जिन्यातल्या घाणीची. त्यासाठी कोणी महापालिकेची गाडी बोलावत नाही. ती तक्रार वॉचमनपर्यंत जाते आणि वॉचमन पोतं शोधतो.

पोत्याची रीत जुनीच. गावाकडे नको असलेलं मांजर पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडायचे आणि काही दिवसांनी ते चुलीपाशी हजर असायचं. नवी मुंबईने यात फक्त ठिकाण बदललं. इथे मांजर सोडतात ते एपीएमसीच्या आवारात, नाहीतर मासळी बाजाराबाहेर. ‘तिथे खायला काय कमी?’ असं समाधान त्यामागे असतं. खायला असतं हे खरं, पण ते आधीच्या बोक्यांच्या ताब्यात असतं. प्राण्याला असं टाकून देणं १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र अजूनही १० ते ५० रुपये, म्हणजे त्या मांजराला नेणाऱ्या रिक्षाच्या भाड्याहूनही कमी.

खाडीपलीकडे मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये भटक्या मांजरांचं निर्बीजीकरण हाती घेतलं. ‘पकडा, नसबंदी करा, तिथेच सोडा’ ही पद्धत तेव्हा जगाला नवी नव्हती. ब्रिटनमध्ये ती १९७० च्या दशकातच रुजली होती, आणि इटलीच्या १९९१ च्या कायद्याने मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांना त्यांच्या जागी राहण्याचं संरक्षण दिलं. आपल्या बाजूला, वाशी-नेरूळ-बेलापूरला, हे काम मी पाहिलं ते मुख्यतः मांजरांना खाऊ घालणाऱ्या बायकांच्या हातून. शाळेतून निवृत्त झालेल्या, घरून काम करणाऱ्या, नवऱ्याची बोलणी खाणाऱ्या. पिंजरा वर्गणीतला, डॉक्टर ओळखीचा, बिल स्वतःच्या पर्समधून.

पकडण्याचं तंत्र एव्हाना पक्कं बसलं आहे. आदल्या दिवशी खाणं बंद. संध्याकाळी वर्दळ कमी झाली की पिंजऱ्याच्या मागच्या टोकाला बांगड्याचं डोकं किंवा वासाची सुकट ठेवायची. मांजराचा पाय पट्टीवर पडला की झडप खाली येते. त्याच क्षणी पिंजऱ्यावर चादर टाकायची, कारण अंधार झाला की धडपड थांबते. बोके हावरट, लवकर सापडतात. व्यालेली भाटी मात्र पिंजऱ्याभोवती घिरट्या घालते, आत जात नाही. तिला पकडण्याची घाईही करून चालत नाही. तिची पिल्लं कुठल्या मीटरबॉक्समागे आहेत ते आधी कळायला हवं, नाहीतर ती दवाखान्यात आणि पिल्लं इथे उपाशी. शस्त्रक्रियेनंतर, भूल उतरण्याआधीच, कानाचं टोक सरळ कापतात. लांबून ओळख पटते आणि त्याच मांजराला पुन्हा टेबलावर जावं लागत नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने हे सगळं ठप्प झालं. खाऊ घालायला बाहेर पडण्यासाठी पोलिसांची परवानगी काढता येत होती, शस्त्रक्रिया मात्र बंद. मांजराचा गर्भकाळ जेमतेम ६५ दिवसांचा आणि पाच-सहा महिन्यांची मांजरी स्वतः गाभण राहू शकते. हिशेब कोणीही करावा. पुढच्या दोन वर्षांत त्यात पर्शियन मांजरांची भर पडली. घरी बसून कंटाळलेल्यांनी हौसेने आणलेली ही मांजरं ऑफिसं उघडल्यावर स्टिल्ट पार्किंगमध्ये दिसू लागली. अंगावर केसांच्या गाठी, डोळ्यांतून पाणी, आणि कुत्रा आला तर पळायचं असतं हेही ठाऊक नाही.

याच काळात कार्यकर्त्यांना पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराने धडा शिकवला. लागण झालेलं एक पिल्लू दवाखान्यात आलं तर शेजारच्या पिंजऱ्यांतली मांजरं दगावतात. विषाणू पृष्ठभागावर महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनेलला दाद देत नाही. पिंजरे ब्लीचने धुणं आणि नव्या पिल्लांना वेगळं ठेवणं तेव्हापासून अंगवळणी पडलं.

तरीही या वर्षांकडे मागे वळून पाहताना वाटतं, पकडणं आणि कापणं हा सोपा भाग होता. अडतं ते परत सोडताना. सोसायटीने वर्गणी दिली की कमिटीला वाटतं, मांजर नेण्याचे पैसे दिले. चौथ्या दिवशी तेच मांजर टाके भरून कंपाउंडवर बसलेलं दिसलं की सेक्रेटरींचा फोन येतो. मांजर हटवलं तर मोकळ्या जागेत दुसरं येतं, कारण कचरापेटी तीच आणि उंदीर तेच, असं मग समजावायचं. काही सोसायट्यांना हे पार्किंगमधल्या गाड्यांच्या वायरी उंदरांनी कुरतडल्यावरच पटलं. मार्च २०२३ मध्ये आलेल्या केंद्राच्या नव्या नियमांनी २००१ च्या नियमांची जागा घेतली. परिसरातल्या प्राण्यांना खाऊ घालायची जागा ठरवण्याची जबाबदारी त्यांनी रहिवासी संघटनांवर टाकली. भांडणं थांबली नाहीत, पण भांडताना दाखवायला कागद मिळाला.

कार्यकर्ते एक गोष्ट मोठ्याने बोलत नाहीत. दहा मांजरांतल्या तिघांची नसबंदी करून आकडा हलत नाही, उरलेली सात भरपाई करतात. एका टापूतली बहुतेक सगळी झाली आणि नवी आली तशी तीही होत राहिली, तरच संख्या उतरते. परत सोडलेलं मांजर शिकार सोडत नाही, हेही खरं. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे. रोहित पक्ष्यांना मांजराचं भय नसेल, पण कांदळवनाच्या काठावरच्या लहान पक्ष्यांना आहे. तिथे नव्याने खाऊ घालायला सुरुवात करू नये, असं माझं मत. त्यावरून मैत्रिणींशी वादही झाले आहेत.

परतीचं काम सगळ्यात सुरळीत झालं ते दिवाळे, सारसोळेसारख्या कोळीवाड्यांत. जाळी आणि सुकी मासळी उंदरांपासून राखायची असते, त्यामुळे तिथे मांजर कधी आणून देता, हाच प्रश्न असतो. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्येही फारसं अडत नाही. चार्ल्स कोरियांनी आखलेल्या त्या बैठ्या घरांत आणि अंगणांत मांजराला कोणाच्या जिन्यात शिरावंच लागत नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र अडचण वेगळीच उभी राहिली आहे. सिडकोच्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत. वाशीतल्या जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या मोडकळीला आलेल्या इमारतींची चर्चा तर कित्येक वर्षांची. ‘जिथून उचललं तिथेच सोडा’ हा या कामाचा पाया, आणि इथे ती जागाच पत्र्याच्या कुंपणाआड जाते. माणसं भाड्याच्या घरांत निघून जातात. मांजर माणसापेक्षा घराला धरून असतं म्हणतात, त्याचा पडताळा रिकाम्या इमारतीत येतो. गॅलऱ्यांची दारं काढून नेलेली असतात आणि कान कापलेली म्हातारी मांजरं त्याच मजल्यावर वाट पाहत असतात. दुसरीकडे न्यायचं तर नव्या जागी दोन-तीन आठवडे बंद खोलीत ठेवून, तिथल्या आवाजांची आणि खाण्याच्या वेळेची सवय लावावी लागते. त्याआधी सोडलं तर ते जुन्या पत्त्याकडे निघतं, मधे पाम बीच रस्ता असला तरी.

ही खोली कोण देणार? बिल्डरशी होणाऱ्या करारात भाडं, सामान हलवण्याचा खर्च, दलाली, सगळ्याची रक्कम लिहिलेली असते. काही सोसायट्यांत सभासदांनी मांजरांसाठी तळमजल्यावरची एक खोली महिनाभर मागितली आहे. पण विषयपत्रिकेत तो विषय येतो शेवटी, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात, आणि तोवर गणपूर्तीपुरतीही माणसं बसलेली नसतात.