केशवसुतांचा मजूर आणि आपली ओसरी

कवि केशवसुत यांचें जन्मस्थान मालगुंड हें आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतच आहे. गणपतीपुळ्याचें दर्शन आटोपलें म्हणजे मुंबई-पुण्याचीं कुटुंबें मोटारी घेऊन तेथें येतात, जतन केलेल्या घरासमोर उभीं राहून छायाचित्रें काढतात आणि 'तुतारी'चें नांव घेत परततात. याचा आम्हांस आनंदच वाटतो. परंतु याच कवीनें 'मजुरावर उपासमारीची पाळी' ही कविताहि लिहिली, याची आठवण त्यांपैकीं किती जणांस असते?

कृष्णाजी केशव दामले हे इ. स. १८६६ मध्यें जन्मले व १९०५ मध्यें हुबळीस प्लेगनें निवर्तले. मॅट्रिकपुढें शिक्षण नाहीं. मुंबईंत तुटपुंज्या वेतनाच्या नोकऱ्या, पुढें खानदेशांत व धारवाडास मास्तरकी. ओढगस्तीचा संसार ज्यानें स्वतः केला, त्याचीच दृष्टि मजुराच्या चुलीकडे गेली, यांत नवल तें काय?

मुंबईच्या गिरण्यांतून राबणारा मजूर आला कोठून? पुष्कळसा आमच्या रत्नागिरीहूनच. खोतीच्या अमलांत कुळानें पिकवावें आणि मोठा वाटा खोताच्या कोठारांत जावा, अशी रीत होती. उरलेल्या दाण्यांवर वर्ष निघेना, म्हणून घरचा कर्ता पुरुष मुंबईची वाट धरी. खोती नष्ट करण्याचें विधेयक डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबई विधिमंडळांत मांडलें; कायदा झाला तो १९४९ सालीं. खोतांपैकीं पुष्कळ जण आपल्याच ज्ञातीचे होते, हें आपण विसरतां कामा नये. ज्या ओसरीवर काव्यचर्चा चाले, तिच्याच अंगणांत कूळ हात जोडून उभें असे.

आम्ही स्वतः तरी कोठें निराळे होतों? शाळेंत ही कविता आम्ही वाचून दाखवीत असूं. वृत्त सांगावें, करुणरसाचा स्थायिभाव शोक असें फळ्यावर लिहावें आणि तास संपवावा. एकदां मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, मग त्या रात्रीं त्याच्या घरीं चूल पेटली का?" वर्ग हंसला. आम्हींहि "कविता येथेंच संपते" असें सांगून पुस्तक मिटलें. तो मुलगा मधल्या सुटींत डबा खात नसे, कारण त्याच्याजवळ डबाच नसे, हें आम्हांस पुष्कळ दिवसांनीं कळलें. आणि कळलें तेंहि शाळेच्या शिपायाकडून.

करुणाचाहि आस्वाद आनंदरूपच, असें आपले शास्त्रकार सांगतात. तें खरेंच आहे. पण या आनंदांत एक धोका आहे. डोळे ओलावले कीं आपलें कर्तव्य संपलें, असें सुशिक्षितांस वाटूं लागतें. आदिकवीच्या शोकाचा श्लोक झाला; आपण श्लोक ऐकतों आणि शोक विसरतों. शहरवासीयांची उदासीनता ती हीच. रसिकतेचें वस्त्र पांघरलेली असल्यामुळें ती ओळखूं येत नाहीं, इतकेंच.

वाचकांनीं मालगुंडास अवश्य जावें, मुलाबाळांना ती कविता वाचून दाखवावी. मात्र घरीं परतल्यावर भांडीं घासणाऱ्या बाईच्या घरीं काय शिजतें, याची चौकशी करावी. आज आमच्याकडील आंब्याच्या बागांत राखणीस नेपाळचे गडी येतात. तेहि भुकेनेंच घर सोडून आलेले असतात. त्यांच्या झोंपडींत एकदां डोकावावें. त्या विद्यार्थ्याचा प्रश्न आम्हीं तेव्हां टाळला. त्याचें उत्तर पुस्तकांत नव्हतें, त्याच्या रिकाम्या दप्तरांत होतें, हें आम्हांस फार उशिरां उमगलें.