विमानतळ आणि सातबाऱ्यावरचं नाव

हल्ली गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले की विमानतळाचा विषय निघतो. पुरंदर तालुक्यात आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी सात गावांची जमीन संपादनात आली. वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव ही ती गावं. नीरा नदी ओलांडली की आपला सातारा जिल्हा. तिकडं आपल्या लेकी दिल्यात, तिकडच्या लेकी आपल्या सुना आहेत. म्हणून बायका विचारतात, "ताई, विमानाला एवढी जमीन कशाला लागते? आणि जमीन गेली तर पैसे कुणाच्या हातात पडतात?"

पहिला प्रश्न सोपा आहे. कराडची धावपट्टी कोयना धरणाच्या कामासाठी झाली, तिथं लहान विमानं उतरतात. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालचा. त्याची धावपट्टी वाढवून १,९३० मीटर केली. परदेशी जाणारं मोठं विमान मात्र माणसं, माल आणि लांबच्या प्रवासाचं इंधन घेऊन उडतं. त्याला साधारण तीन किलोमीटर धावपट्टी लागते. शिवाय बाजूला मोकळी पट्टी, विमानं उभी करायची जागा, मालाची गोदामं, पासपोर्ट आणि कस्टमच्या तपासणीची सोय लागते. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा, तिथं वाढायला जागा कमी. म्हणून नव्या जागेचा शोध सुरू झाला.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र नीट बोलायला हवं. भांगलण, पेरणी, धारा, शेण सगळं बाई करते. पण नोटीस निघते ती कागदावरच्या नावानं आणि मोबदलाही त्याच नावावर जमा होतो. सातबाऱ्यावर बाईचं नाव नसेल, तर तिला बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही.

भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात जमिनीच्या बाजारभावाला ग्रामीण भागात एक ते दोनपर्यंतच्या गुणकानं गुणतात. त्यात विहीर, झाडं, घर, गोठा यांची किंमत मिळवतात आणि जी रक्कम होईल तेवढीच आणखी रक्कम दिलासा म्हणून देतात. याच कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बाईला स्वतंत्र कुटुंब मानलंय. तीन वर्षांपासून त्या जमिनीवर पोट असलेल्या शेतमजुरांचाही बाधितांत समावेश होतो. पण संपादन दुसऱ्या कायद्याखालीही होऊ शकतं आणि हरकतीची मुदत त्याप्रमाणं बदलते. म्हणून नोटीस आली की ती कोणत्या कायद्याखाली आहे आणि शेवटची तारीख कोणती, हे आधी वाचून घ्या.

मोजणीच्या दिवशी बाईनं शेतात हजर राहावं. विहीर, पाइपलाइन, आंब्याची झाडं, गोठा हे पंचनाम्यात लिहून घ्यावं. जे लिहिलं नाही त्याचे पैसे मिळवताना दमछाक होते.

विमानतळ आपल्या गावात येवो न येवो, काही कामं आत्ताच करता येतात. सातबारा आणि आठ-अ काढून बघा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर लक्ष्मीमुक्ती योजनेत पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. त्यासाठी नवऱ्यानं तलाठी कार्यालयात अर्ज करायचा. नवरा वारला असेल तर वारसनोंद झालीय का ते बघा. वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलाइतकाच आहे. जमिनीला भाव आला की माहेरून हक्कसोडपत्राचा कागद येतो. भाऊ म्हणाला म्हणून लगेच अंगठा देऊ नका. घरी आणा, वाचून घ्या, गटात दाखवा. हक्क सोडायचा की नाही हे तुम्ही ठरवा, पण समजून उमजून ठरवा.

जमीन द्यावी की विरोध करावा, हे आम्ही सांगणार नाही. ते त्या त्या घरानं, त्या त्या गावानं ठरवायचं. आमचं म्हणणं एवढंच की ठरवताना बाईला ओट्याजवळ उभं ठेवू नका, बैठकीत बसवा. आणि तिथं तिचा शब्द चालायचा तर कागदावर तिचं नाव हवं.

पुढच्या बैठकीला येताना पासबुकासोबत सातबाराही आणा. एकेकीचा वाचूया. ज्यांचं नाव नाही, त्यांचे अर्ज तिथंच बसून लिहूया.