जुनी शेती : ओळख एका दृष्टिक्षेपात

कुठे पाहाल? कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. जुन्या गावगाड्यातील कामे येथे शिल्पांतून मांडली आहेत.

अवजारे
- नांगर : जमीन खोल उलथतो. जुना नांगर लाकडी, त्याचा फाळ लोखंडी.
- वखर किंवा कुळव : नांगरटीनंतर ढेकळे फोडतो, तण काढतो. लोखंडी पात्याला ‘पास’ म्हणतात.
- तिफण : तीन फणांचे पेरणीयंत्र. चाड्यात (वरच्या वाटीसारख्या भागात) सोडलेले बी नळ्यांतून तासात (फणाने पडलेल्या सरीत) पडते.
- कोळपे : उभ्या पिकाच्या दोन ओळींमधील तण काढते.
- मोट : विहिरीतून पाणी उपसण्याचे चामड्याचे किंवा पत्र्याचे साधन. बैल ती धावेवरून (विहिरीलगतच्या उतारावरून) ओढत.

मळणी : खळ्याच्या (मळणीच्या जागेच्या) मधोमध रोवलेला खांब म्हणजे तिवडा. त्याभोवती बैल फिरवून कणसे तुडवतात. मग वाऱ्यावर उफणणी, म्हणजे दाणे व भुसा वेगळे करणे.

साठवण
- कणगी : बांबूच्या कामट्यांची, शेणामातीने लिंपलेली.
- पेव : जमिनीखालचे कोठार.
- बळद : घराच्या भिंतीलगत बांधलेले धान्याचे कोठार.

मापे : 4 शेर म्हणजे 1 पायली, 20 मण म्हणजे 1 खंडी. शेर-मणाचे प्रमाण प्रांतागणिक वेगळे. देशात दशमान वजने 1958 पासून टप्प्याटप्प्याने लागू.

बलुतेदार : गावाची ठरलेली कामे करणारे सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट आदी. परंपरेने संख्या 12. कामाचा मोबदला सुगीत धान्यरूपाने, तेच बलुते.

लोखंडी नांगर : उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा पहिला नांगर 1903 मध्ये तयार झाला. 1910 मध्ये त्यांच्या कारखान्याच्या किर्लोस्करवाडी या वसाहतीची स्थापना.