शून्यावर विश्वास केव्हा ठेवावा?

गिलेन-बारे सिंड्रोम, म्हणजेच 'जीबीएस', हे नाव २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातून घराघरांत पोचले. दूषित पाण्याने पोट बिघडावे, ते बरेही व्हावे आणि मग काही दिवसांनी पायांतले बळ जावे, असा हा विकार. जंतूंशी लढायला सज्ज झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. बहुतेक रुग्ण उपचारांनी बरे होतात. पोलिओचे तसे नाही. त्याचा विषाणू मज्जारज्जूतील पेशीच मारतो. पण पहिल्या दिवशी आईला दिसतो तो एकच प्रकार : काल धावणाऱ्या मुलाचा पाय आज उचलत नाही. म्हणून पोलिओवर पहारा ठेवणारी यंत्रणा जीबीएसची मुलेही शोधत असते.

भारतात नैसर्गिक पोलिओ-विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. तेव्हापासून आकडा शून्य. परंतु शून्य दोन तऱ्हांचे असते : रोगच नाही म्हणून आलेले आणि कुणी पाहिलेच नाही म्हणून आलेले. हा फरक कळावा यासाठी एक नियम आहे. पंधरा वर्षांखालील मुलाला अचानक लुळेपणा आला, की कारण काहीही असो, ते कळवायचे. १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घ्यायचे. वर्षभरात लाख मुलांमागे पोलिओ नसलेले लुळेपणाचे किमान दोन रुग्णही सापडले नाहीत, तर पहारा ढिला समजायचा.

पोलादपूरच्या डोंगरातली एखादी वाडी डोळ्यांपुढे आणा. मुलाचा पाय लुळा पडला, हे बहुधा प्रथम कळते आशाताईला. तिच्याकडून निरोप प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून वर तालुक्याला आणि जिल्ह्याला जातो. नमुना बर्फाच्या डब्यातून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचवावा लागतो. महाड औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी बाहेरगावच्या कामगारांची कुटुंबे येत-जात असतात. तिथे तर डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

२०२०च्या मार्चमध्ये या साखळीच्या कड्या निखळू लागल्या. आशाताई करोनाच्या सर्वेक्षणाला जुंपल्या गेल्या, एसटी थांबली, पालक दवाखान्याची पायरी चढायला भिऊ लागले. जगभरात त्या वर्षीच्या पहिल्या नऊ महिन्यांत लुळेपणाच्या नोंदी आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या.

मग मुले खरोखर कमी आजारी पडली, की कमी दिसली? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. करोनामुळे जीबीएस वाढेल, अशी भीती डॉक्टरांना होती. ब्रिटनमधल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उलटेच निघाले : मार्च ते मे २०२०मध्ये जीबीएसचे रुग्ण आदल्या चार वर्षांतील त्याच महिन्यांपेक्षा कमी होते. माणसे घरात राहिली, पोटाचे आणि श्वसनाचे संसर्ग कमी फैलावले, आणि त्यांच्या मागून येणारा हा विकारही मागे हटला, असे संशोधकांनी मानले. म्हणजे घट काही अंशी खरीही असू शकते.

ती किती खरी, हे नुसत्या बेरजेवरून कळत नाही. त्यासाठी बाकीच्या खुणा पाहाव्या लागतात. आजार कमी झाला असेल, तर जे थोडे नमुने येतात ते वेळेवर येतील. पहारा ढिला पडला असेल, तर तेही उशिरा येतील. २०२०मध्ये नमुने प्रयोगशाळेत पोचायला अधिक वेळ लागू लागला होता. दुसरी खूण सांडपाण्याची. पालक दवाखान्यात जावोत वा न जावोत, गटार खोटे बोलत नाही. २०२२मध्ये लंडनच्या सांडपाण्यात पोलिओ-विषाणू सापडला. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात लस न घेतलेल्या एका तरुणाला लुळेपणा आला.

महाड-पोलादपूरच्या वाट्याला तर साथीच्या जोडीने २२ जुलै २०२१चा महापूर आणि तळियेची दरडही आली. त्याच्या महिनाभर आधीच राज्यभरातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला होता. शून्याचा हिशेब मांडताना हे विसरून चालणार नाही. तो आकडा लिहिला जातो मुंबई-दिल्लीत. पण त्याची खात्री देते ती वाडीवर चढून जाणारी बाई. ती गेली नाही, तरी आकडा शून्यच राहतो. त्याच्यावर विश्वास ठेवायला मात्र मग काही आधार उरत नाही.