अंगावरून पांढरे जाते, पण कसले?

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-घाटघरच्या बाजूला, भाताची आवणी सुरू झाली की बायकांचा दिवस चिखलात जातो. सकाळी भिजलेले कपडे संध्याकाळपर्यंत अंगावर ओलेच असतात. या दिवसांत खालच्या जागेला खाज सुटली, तर ‘पावसाळ्याची खाज’ म्हणून ती अंगावर काढली जाते. फारच झाले तर घरातले कुणी मेडिकलमधून एखादी ट्यूब आणून देते.

खाज मात्र एकाच जातीची नसते. जांघेत गोल, कडेला लाल चट्टा असेल तर तो बहुधा नायटा. योनीमार्गातला बुरशीचा संसर्ग वेगळा. तो कॅन्डिडा नावाच्या यीस्टमुळे होतो. हे यीस्ट अनेक निरोगी स्त्रियांच्या शरीरात थोडेफार असतेच. अँटिबायोटिक घेतल्यावर, गरोदरपणात, रक्तातली साखर वाढलेली असताना किंवा स्टेरॉइड चालू असताना ते माजते. चारपैकी सुमारे तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. लग्न न झालेल्या मुलीलाही होऊ शकतो, तेव्हा तिच्याकडे संशयाने बघू नये.

लक्षणे अशी : जबर खाज, आग, बाहेरचा भाग लाल आणि सुजलेला, लघवी त्या जागेला लागली की चुरचुर, संबंधाच्या वेळी दुखणे. स्राव पांढरा, घट्ट, फाटलेल्या दुधासारखा असतो आणि त्याला सहसा घाण वास नसतो. काहींना स्राव जाणवतच नाही, नुसती खाज असते. पातळ, करडा आणि मासळीसारखा वास येणारा स्राव बहुधा जिवाणूंमुळे असतो. पिवळा-हिरवा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनासची शंका घ्यावी. या ट्रायकोमोनासमध्ये नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, बुरशीत एरवी तशी गरज नसते. आणि पाळीच्या मध्यावर जाणारे, खाज-वास नसलेले पांढरे पाणी हा आजारच नव्हे. त्याने हाडे झिजतात, हा समज सोडून द्यावा.

वाचून हे सोपे वाटते, पण ओळखताना फसगत होते. बुरशीच आहे असे समजून दुकानातून औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांची अमेरिकेत तपासणी झाली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जेमतेम एक तृतीयांश जणींना खरोखर निव्वळ बुरशी होती.

आपल्याकडचा प्रश्न त्याच्याही आधीचा, बोलण्याचा आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग निघाला. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

मग डॉक्टरकडे कधी जायचे? पहिल्यांदाच त्रास होत असेल, तर जायचेच. गरोदर असाल, मधुमेह असेल, औषधाने आठवडाभरात उतार पडला नाही किंवा वर्षात तीन वेळा हाच त्रास झाला, तरीही. वारंवार होणाऱ्या संसर्गामागे न कळलेला मधुमेह असू शकतो. साखर तपासून घ्यावी. ओटीपोटात दुखणे, ताप, फोड-जखमा असतील तर थांबू नये. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्त, घाण वासाचे पाणी जात असेल, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी लगेच हवी.

बुरशीवरचा उपचार साधा आहे. क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या योनीमार्गात काही रात्री ठेवायच्या, किंवा फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी पोटात घ्यायची. गरोदरपणात पोटात घ्यायची ही गोळी टाळतात. सरकारी दवाखान्यात स्रावाच्या तक्रारीसाठी जे हिरवे पाकीट मिळते, त्यात जिवाणूंवरच्या औषधासोबत हीच गोळी असते. म्हणून पाळी चुकली असेल तर आधी सांगावे. ‘सगळ्या खाजेवर एकच’ म्हणून मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बरेचदा स्टेरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, पण बुरशी आणखी पसरते.

डेटॉलच्या पाण्याने आतून धुणे, लिंबू पिळणे हे प्रकार बंद करावेत. बाहेरून साधे पाणी पुरे. शेतातून आल्यावर ओले कपडे लगेच बदलावेत, आतले कपडे सुती असावेत आणि ते उन्हात वाळवावेत. दुसऱ्या कपड्याखाली लपवून दमट ठेवू नयेत.

दवाखान्यात पुरुष डॉक्टर असतील म्हणून अडत असेल, तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सताईंना सोबत घ्या. जाण्याआधी आतून औषध लावू नका, आणि त्रास किती दिवसांपासून आहे, पाळीची शेवटची तारीख कोणती, आधी कोणती औषधे घेतली एवढे सांगा. रिकामी ट्यूब किंवा गोळ्यांचे पाकीट असेल तर तेही सोबत न्या.