धन्यता भुकेची

येशूच्या डोंगरावरील प्रवचनातले चौथे धन्यवचन जरा चमत्कारिक आहे. धन्य कोण, तर नीतिमान माणूस नव्हे. नीतिमत्त्वासाठी भुकेला-तान्हेला झालेला माणूस. ज्याच्या हाती अजून काहीच पडलेले नाही त्याचे अभिनंदन! मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली ही गोम ख्रिस्ती मंडळी वारंवार विसरली, आणि दर वेळी कुणा उपाशी माणसानेच तिची आठवण करून दिली, असे मला वाटते.

मूळ श्रोत्यांना भूक समजावून सांगायची गरज नव्हती. गालीलातला मजूर सकाळी बाजारात उभा राही. काम मिळाले तर संध्याकाळी एक दिनार, नाहीतर घरी चूल पेटायची पंचाईत. लूकने तर नीतिमत्त्वाचे नावही घेतलेले नाही. त्याच्या सहाव्या अध्यायात नुसते भुकेलेच धन्य आहेत, आणि पाठोपाठ पोट भरलेल्यांची हजेरी घेतलेली आहे. मग भूक नेमकी कसली? देवापुढे निर्दोष ठरण्याची, की जगात न्याय व्हावा याची? तकोवाच्या आमोस नावाच्या मेंढपाळाला हा प्रश्नच पडला नसता. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात इस्राएलच्या उत्तर राज्यात जाऊन त्याने ठणकावले, की चपलांच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांचे सण आणि गाणी देवाला नकोशी झाली आहेत. त्याच्या लेखी दोन्ही भुका एकच होत्या.

पुढे त्यांची फारकत झाली. मार्टिन ल्यूथर १५०५ साली एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात शिरला. उपास, जागरणे, प्रार्थना, कशातच त्याने कसर ठेवली नाही. पापकबुलीला बसला की तासन्‌तास उठायचा नाही. आटोपून बाहेर पडावे तो आणखी एखादे पाप आठवायचे आणि स्वारी परत फिरायची. मठातले वरिष्ठ श्टाउपिट्झ मेटाकुटीला येत. देवाच्या नीतिमत्त्वाचा आपल्याला अक्षरशः तिटकारा होता, असे त्याने १५४५ साली, मरणाच्या आदल्या वर्षी, लिहून ठेवले आहे. शिक्षा देण्यासाठीच बसलेल्या न्यायाधीशावर जीव कसा जडावा? विटेनबर्गला पौलाच्या रोमकरांस पत्राशी झगडताना त्याला उमगले, की हे नीतिमत्त्व देव मागत नाही, तो ते देतो.

पण ल्यूथरची भूक भागल्यावर काय झाले, तेही सांगायला हवे. १५२५ साली मेमिंगेन इथे जर्मन शेतकऱ्यांनी आपली बारा कलमे मांडली. ख्रिस्ताने सर्वांना रक्त सांडून सोडवले, मग आम्ही अजून दुसऱ्याच्या मालकीचे कसे, हा त्यांचा सवाल. शेवटचे कलम तर लाजवाब आहे: यातली एखादी मागणी शास्त्राविरुद्ध आहे असे दाखवून द्या, आम्ही ती मागे घेऊ. ल्यूथरने आधी सरदारांनाही चार शब्द सुनावले, पण बंड पेटल्यावर शेतकऱ्यांना कापून काढा असे पत्रक लिहिले. हजारोंची कत्तल झाली. त्याचे चाहते इथे काळाचा हवाला देतात. मला तो पुरेसा वाटत नाही. कॅथलिकांनी १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेत ल्यूथरच्या नीतिमत्त्वाविषयीच्या शिकवणीला उत्तर दिले, आणि दोन्ही पक्षांचा या मुद्द्यावरचा समेट व्हायला १९९९ साल उजाडले. मधला वाद विद्वानांनी वाचावा.

आपल्याकडे या वचनाची गाठ पडली ती वेगळ्याच वाटेने. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांचे मन हलेना. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ भरवला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशनची चौकट एव्हाना त्यांना अपुरी पडू लागली होती.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत तर दोन्ही भुका एका आयुष्यात दिसतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये असताना ख्रिस्ती जोगिणींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅममधल्या आश्रमात पाठवले. जगाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांची तिथे प्रेमाने सेवा चाललेली होती. हे तुम्ही का करता, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका जोगिणीने विहिरीवरच्या शमरोनी स्त्रीची येशूशी झालेली भेट वाचून दाखवली. त्याच वर्षी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. मात्र पुढे त्याच जोगिणींपैकी सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून त्या सिद्धांतांवर वाद घालत राहिल्या, आणि १९०७च्या आत्मकथनात त्यांनी स्वच्छ लिहिले, की आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त बऱ्याच उशिरा. हे लिहिले तोवर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली जेवत होत्या, माग चालवत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या. अंतःकरणाची शांती मिळेपर्यंत भाकरी थांबवायची, हे रमाबाईंना ठाऊकच नव्हते.

लॅटिन अमेरिकेत १९६८च्या मेडेयिन परिषदेनंतर बिशप गरिबांच्या बाजूने बोलू लागले. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो मुळात पुस्तकी, जपून वागणारे; १९७७ साली मित्र धर्मगुरू रुतिलियो ग्रांदे मारले गेले आणि ते बदलले. गोळ्या झाडायचे हुकूम पाळू नका, असे त्यांनी प्रवचनातून सैनिकांना सांगितले. दुसऱ्याच दिवशी, २४ मार्च १९८०ला, मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घातली. २०१८ साली रोमने त्यांना संत म्हटले. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मराठीत ‘सुबोध बायबल’ आणले आणि हरित वसईच्या लढ्यातही पुढे उभे राहिले; दोन कामे वेगळी आहेत असे त्यांनी कधी मानले नाही.

अवघड प्रकरण मात्र घरातलेच आहे. नगर-मराठवाड्यातले बरेच ख्रिस्ती पूर्वाश्रमीचे महार, मांग. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आत आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. चर्च याविरुद्ध दिल्लीत धरणे धरते, ते योग्यच. पण खुद्द चर्चमध्ये अस्पृश्यता आहे, हे भारतातल्या कॅथलिक बिशपांनी स्वतःच्या धोरणपत्रात मान्य केले ते २०१६च्या डिसेंबरात.