सकाळी इंजिन खडखडतंय? ऑइल फिल्टरकडे बघा

रात्रभर उभी असलेली कार सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखडते? यामागे हलका ऑइल फिल्टर असू शकतो. इंजिन बंद असताना फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू नये, म्हणून आत एक रबरी व्हॉल्व्ह असतो. तो कडक झाला की फिल्टर रिकामा होतो आणि सुरुवातीला इंजिनला ऑइल उशिरा पोहोचतं. सिलिकॉनचा व्हॉल्व्ह उष्णता जास्त सोसतो. थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्या.

फिल्टर तुंबला तर बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल इंजिनात जातं. म्हणूनच नव्या ऑइलसोबत जुना फिल्टर ठेवणं ही काटकसर नव्हेच. आटे जुळले तरी बायपासचा दाब वेगळा असू शकतो, त्यामुळे पार्ट नंबर ताडूनच खरेदी करा. आणि हो, जुनी रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे मेकॅनिकला विचाराच. रिंगेवर रिंग बसली तर ऑइल गळतं.